काड्या पूर्ण, तरी व्हिडिओ अडतो

रेंजच्या सगळ्या काड्या उभ्या, पण व्हिडिओचं चक्र मात्र गरगरतच राहतं. रेंज वेगळी आणि वेग वेगळा, म्हणून असं होतं.

रेडिओलहरींची वारंवारता कमी असली की सिग्नल लांब जातो, भिंतीही सहज ओलांडतो. ७०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा मोलाचा तो यासाठीच. पण तो अरुंद. डेटाची गर्दी त्याला पेलत नाही. ३३०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा ऐसपैस, वेग भरपूर. मात्र दोन जाड भिंती मध्ये आल्या की सिग्नल मलूल. २०२२च्या ५जी लिलावात जिओने देशभरासाठी हे दोन्ही पट्टे घेतले. एअरटेलने ७००चा पट्टा घेतला नाही. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला देशात ५जी सुरू झालं.

टॉवरवर नवा अँटेना चढवला की काम संपलं, असं नाही. टॉवर पाहिलात तर अनेकदा ढोलकीसारखा गोल पांढरा डबा दिसेल. असा डबा असेल तिथे बहुधा फायबर केबल पोचलेली नसते. सगळा डेटा त्या डब्यातून हवेतूनच पुढच्या टॉवरला जातो. खरी अडचण अनेकदा इथे असते, आणि जाहिरातीत ती कधीच नसते. शिवाय टॉवरची क्षमता त्या परिसरातल्या सगळ्यांत वाटली जाते. जत्रेत फोन का रडतो, ते यावरून कळावं.

घरात वाय-फाय असूनही कॉल तुटत असतील, तर फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग आहे का बघा आणि सुरू करा.