विश्लेषण : समुद्र नसलेल्या वऱ्हाडात मत्स्यविज्ञान शिकून उपयोग काय?

बारावी विज्ञान झाले, पण वैद्यकीय प्रवेशाइतके गुण नाहीत. अशा वेळी वलगावसारख्या गावातले विद्यार्थी कृषी पदवीचा विचार करतात. मत्स्यविज्ञान मात्र ‘कोकणातल्यांचे शिक्षण’ म्हणून बाजूला पडते. हा समज कितपत खरा?

पदवी कोणती, कुठे?
बीएफएससी ही चार वर्षांची व्यावसायिक पदवी आहे. ती रत्नागिरीप्रमाणेच नागपूर आणि उदगीर येथेही मिळते. ही दोन्ही ठिकाणे समुद्रापासून दूर आहेत. मत्स्यबीज निर्मिती, खाद्य, रोग, पाणी व मातीची तपासणी, प्रक्रिया आणि विक्री हे विषय यात असतात. मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत (स्थापना 1961) पुढे एमएफएससी, पीएचडी करता येते.

वऱ्हाडाशी संबंध काय?
वलगावची पेढी नदी पुढे पूर्णेला मिळते. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. तिथले भूजल पिण्यास आणि ओलितास अयोग्य ठरते. हरियाणात अशाच खाऱ्या भूजलावर वनामी कोळंबी वाढवली जाते.

मग विहिरीचे पाणी तळ्यात सोडले की झाले?
नाही. भूगर्भातल्या खाऱ्या पाण्यात बहुधा पोटॅशियम कमी असते. ते बाहेरून न दिल्यास कोळंबी मरते. हिवाळ्यातल्या थंडीत तिची वाढ खुंटते. तळ्यातले खारे पाणी शेजारच्या वावरात गेले, तर जमीन नापीक होण्याचा धोका असतो. म्हणजे पाणी तपासणारा, हिशेब मांडणारा आणि वेळीच ‘नको’ म्हणणारा जाणकार गावात हवा. या पदवीची खरी गरज इथे आहे.

नोकरीचे काय?
मत्स्यव्यवसाय विभागातील पदे, बँकांतील कृषी अधिकारी परीक्षा, बीज केंद्रे, खाद्य व निर्यात कंपन्या हे मुख्य मार्ग आहेत. सरकारी जागा मोजक्या असतात. खासगी नोकरीसाठी आंध्र किंवा गुजरातच्या किनाऱ्यावर जाण्याची तयारी ठेवावी लागते. स्वतःचा व्यवसाय करायचा तर प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला 40 टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. एप्रिल 2025 मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जाही दिला.

प्रवेशापूर्वी काय पाहावे?
- बारावीला जीवशास्त्र आहे का?
- कोणती प्रवेश परीक्षा लागते? त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचूनच अर्ज भरा.
- प्राणिशास्त्रातील बीएस्सी आणि बीएफएससी एक नव्हे. मत्स्यसंवर्धनात एमएफएससी करायची तर बीएफएससीच लागते.
- चिखलात उतरण्याची, पहाटे तळ्यावर जाण्याची तयारी आहे का? तळ्यातला प्राणवायू पहाटेच सर्वांत कमी असतो आणि मासे त्याच वेळी दगावतात.