सावंगी (मेघे): भाड्यासाठी मोडकळीस आलेले घर घेताना

वर्ध्यालगतच्या सावंगी (मेघे) येथे 1990 साली जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि त्याच्या जोडीला आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय असल्यामुळे विद्यार्थी, परिचारिका व रुग्णांचे नातेवाईक भाड्याच्या खोल्या शोधत असतात; म्हणून दुरुस्तीसाठी जुने घर निवडताना रुग्णालयापर्यंतचे पायी अंतर आणि उन्हाळ्यातील पाण्याची सोय आधी पाहावी. या भागातील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी आरपार भेग ही केवळ गिलाव्याची नसून पाया हलल्याची खूण असू शकते. ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे घराच्या कर आकारणीचा उतारा, एकटा मालकी सिद्ध करत नाही. नोंदणीकृत खरेदीखत तपासल्याशिवाय कोणीही इसार देऊ नये.