मालडब्यातून आलेला संगणक

लॅपटॉप की डेस्कटॉप, या प्रश्नावर २०२४च्या जुलैत आमच्या घरात जेवढं बोलणं झालं, तेवढं भाचीने कोणती शाखा घ्यावी यावरही झालं नव्हतं. सीईटी पार पडली होती, कॅप राउंडमध्ये मुंबईतल्या एका कॉलेजात मेकॅनिकलला प्रवेश मिळेल असं दिसत होतं आणि रत्नागिरीहून ती चार वर्षांसाठी आमच्याकडे डोंबिवलीला राहायला येणार होती. ताईचा मुद्दा साधा होता: सगळी मुलं लॅपटॉप घेतात, हिचंच काय वेगळं? भाचीला ब्लेंडर या मोफत प्रणालीवर त्रिमिती चित्रं करायचा नाद. ती म्हणाली, “मामा, तेवढ्या पैशात लॅपटॉपमध्ये ग्राफिक कार्ड नुसतं नावाला येतं.”

तिचं चूक नव्हतं. आरटीएक्स ४०६० या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. डेस्कटॉपचं कार्ड ११५ वॅटपर्यंत वीज घेतं. लॅपटॉपमधल्या चिपला किती वीज द्यायची ते लॅपटॉप बनवणारा ठरवतो आणि बारीक अंगाच्या लॅपटॉपमध्ये ती बरीच कमी असते, कारण उष्णता जायला जागाच नसते. शिवाय आता पुष्कळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते. आज घेतली तेवढीच, पुढे वाढवायची सोय नाही. तरीही हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलाने मला विचारलं तर मी लॅपटॉपच घे म्हणेन. खोलीत तिघं, टेबल एक, वर्षाअखेरीला खोली रिकामी करायची. तिथे कॅबिनेट कुठे नाचवणार? आमच्याकडे मात्र खिडकीजवळचं टेबल चार वर्षं तिचंच असणार होतं. पंचाऐंशी हजार रुपये ठरले, मॉनिटर माझ्याकडून.

मग तिने वही काढली. १९९८मध्ये मी पहिला असेंबल्ड पीसी घेतला तेव्हा दुकानदाराने कागदाच्या चिटोऱ्यावर आठ ओळींचं कोटेशन लिहून दिलं, मी बाबांना दाखवलं आणि संपलं. ३२ एमबी रॅम, चौदा इंची मॉनिटर. आत काय आहे हे बघायची छाती माझी दोन वर्षांनी झाली. हिच्या वहीत तीन आठवडे खाडाखोड चालू होती. जोडणी तीन तासांची असते. खरा वेळ खाते ती जुळवणी, आणि ती लग्नाच्या पत्रिकेहून अवघड आहे, कारण इथे गुण कमी पडले तर समजूत घालता येत नाही. प्रोसेसरचं सॉकेट बोर्डाशी जुळायला हवं. बोर्ड डीडीआर५चा असेल तर डीडीआर४ची रॅम त्यात बसतच नाही, खाचच वेगळ्या जागी असते. ग्राफिक कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये मावायला हवी, आणि या सगळ्यांना पुरेल एवढी वीज एसएमपीएसने द्यायला हवी.

प्रोसेसरवर आमची थोडी वादावादी झाली. मी जुन्या सवयीने इंटेलच्या बाजूचा. तिने एएमडीचा रायझन ५ ७६०० घेतला: सहा गाभे, बारा थ्रेड, ६५ वॅट. कारण तिने वहीत लिहूनच ठेवलं होतं. इंटेलचं त्या वेळचं एलजीए १७०० हे सॉकेट शेवटच्या पिढीवर आलं होतं, म्हणजे चार वर्षांनी प्रोसेसर बदलायचा तर बोर्डही बदला. एएमडीने एएम५ हे सॉकेट २०२२मध्ये आणलं आणि २०२४च्या जूनमध्ये ते २०२७पर्यंत आणि पुढेही चालवू असं जाहीर केलं. कंपन्यांच्या आश्वासनांवर माझा फार विश्वास नाही, पण त्यांचं आधीचं एएम४ सॉकेट २०१६चं आणि त्यात बसणारे नवे प्रोसेसर २०२४मध्येही येत होते, हे मला खोडता आलं नाही. त्यात तेराव्या-चौदाव्या पिढीचे इंटेलचे काही प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे अस्थिर होतात, अशी कबुली त्याच जुलैत आली. मी गप्प बसलो.

एवढ्या निरनिराळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांत बसतात याचं आपल्याला काहीच वाटत नाही, पण ते आपोआप झालेलं नाही. १२ ऑगस्ट १९८१ला आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. यंत्र वर्षभरात तयार हवं होतं, म्हणून फ्लोरिडातल्या बोका रेटनच्या त्यांच्या गटाने सगळं घरी बनवत न बसता बाजारातले भाग घेतले: प्रोसेसर इंटेलचा ८०८८, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. वर आतले नकाशे तांत्रिक पुस्तिकेत छापून विकले, इतरांनी त्यात बसणारी कार्डं बनवावीत म्हणून. बायोस नावाचा छोटा प्रोग्राम तेवढा आयबीएमच्या हक्काचा होता. कॉम्पॅकने त्याची नक्कल न करता तसाच वागणारा दुसरा लिहून घेतला, आणि १९८३पासून आयबीएमचा नसलेला पण आयबीएमसारखा चालणारा पीसी दुकानात मिळू लागला. १९९५मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप ठरवलं: बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, स्क्रूची भोकं अमुक जागी, मागच्या जोडण्या अमुक बाजूला. तीस वर्षं उलटून गेली, भोकं अजून तिथेच आहेत. एरवी एकमेकांचे गिऱ्हाईक पळवणाऱ्या कंपन्यांनी स्क्रूच्या जागेवर एकमत ठेवलं, म्हणून डोंबिवलीतल्या अठरा वर्षांच्या मुलीला हे जमतं.

ऑगस्टातल्या एका शनिवारी आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पोलीस ठाणं डी. बी. मार्ग, पण ग्रँट रोड स्टेशनबाहेर विचारा, १९०३ ते १९०७ या काळातल्या गव्हर्नर लॅमिंग्टनचंच नाव लोकांच्या तोंडी. हा रस्ता एके काळी सिनेमाचा. ‘शोले’ पाच वर्षं चालला ते मिनर्व्हा इथलंच, आणि वितरकांच्या कचेऱ्यांची नाझ बिल्डिंगही. आता गाळ्यागाळ्यांत वायरी, कॅमेरे, राउटर आणि छतापर्यंत रचलेले खोके.

पहिल्या दुकानात भाचीने यादी पुढे केली, दुकानदाराने ती वाचली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “सर, ये बोर्ड नहीं है, ये ले लो, सेम है.” सेम नव्हतं. त्याच्या हातातल्या बोर्डाला रॅमच्या दोनच खाचा होत्या, हिला चार हव्या होत्या. हिने ते सांगितलं. त्याने उत्तर मला दिलं. असं तीनदा झाल्यावर मी रस्त्यावर चहा प्यायला गेलो, आणि परत आलो तर तो तिला “मॅडम” म्हणत होता आणि भाव बाराशेने उतरला होता.

बिल घ्यायचं की नाही हा तिथला नेहमीचा प्रश्न. जीएसटी १८ टक्के, त्यामुळे ‘विदाउट बिल’चा मोह मोठा असतो. पण वॉरंटीचं सगळं काम बिल आणि त्या भागाचा सिरियल नंबर यांवर चालतं. तीन वर्षांनी एसएमपीएस जळाला की ते वाचवलेले पैसे व्याजासकट जातात. आम्ही प्रत्येक खोक्यावरचा नंबर बिलावरच्या नंबराशी ताडून बघितला. दुकानदार कंटाळला, कंटाळू दे.

एसएमपीएस हा बहुतेकांच्या यादीत शेवटी येतो आणि उरलेल्या पैशात उरकला जातो. माझ्या मते तो दुसऱ्या क्रमांकावर यावा. स्वस्त कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या डब्यावर ४५० वॅट छापलेलं असतं, पण वजन हातात घेतलं की आत फारसं काही नाही हे कळतं. आमचा हिशोब असा होता: कार्ड ११५, प्रोसेसर जोरात असेल तेव्हा ८८, बाकी बोर्ड, पंखे, एसएसडी मिळून पन्नास-साठ. अडीचशेच्या थोडं वर. तरी ५५० वॅटचा, एटी प्लस ब्राँझचा घेतला. अर्ध्या भाराच्या आसपास एसएमपीएस थंड राहतो आणि पंखा ओरडत नाही. काचेच्या कॅबिनेटमधल्या रंगीत दिव्यांवर मात्र भाचीने एक रुपया घातला नाही. माझा मुलगा हिरमुसला.

निघताना पाऊस कोसळायला लागला. दुकानदाराने बोर्ड आणि कार्ड दुधाच्या पिशवीच्या जाडीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून दिलं, कॅबिनेटचा खोका सुतळीने बांधला. दादरला गाडी बदलून आम्ही मालडब्यात चढलो. एका बाजूला रिकाम्या पाट्या घेतलेल्या कोळणी, दुसऱ्या बाजूला आमचा खोका. “टीव्ही घेतला का?” एकीने विचारलं. कॉम्प्युटर आहे, जोडायचा आहे, असं भाचीने सांगितल्यावर तिने खोक्याकडे जरा संशयाने पाहिलं. “आणि नाय जुळला तर?” ठाण्यापर्यंत आम्हा दोघांनाही उत्तर सुचलं नाही.

रविवारी सकाळी जेवणाचं टेबल रिकामं केलं. सुती कपडे, पंखा बंद, दर थोड्या वेळाने कॅबिनेटच्या लोखंडाला हात. अंगावरची स्थिर वीज चिपला मारते. मुंबईच्या ऑगस्टात हवा एवढी ओली असते की धोका कमी, पुण्याच्या डिसेंबरात जास्त. एएम५मध्ये १,७१८ पिना बोर्डावर असतात, प्रोसेसरला नुसते सपाट ठिपके. एक पिन वाकली की बोर्ड गेला आणि वाकलेल्या पिनेला वॉरंटी नाही. प्रोसेसर ठेवायचा, दाबायचा नाही. मग बाजूची दांडी खाली आणताना एवढा जोर लागतो आणि असा कुरकुरल्यासारखा आवाज होतो की मी डोळे मिटले. सॉकेटवरची काळी प्लास्टिकची टोपी टुणकन उडून फ्रीजखाली गेली. ती शोधून खोक्यात ठेवली, कारण बोर्ड कधी परत पाठवायचा झाला तर ती लागते.

बाकीचं पटापट झालं. एसएसडी च्युइंगगमच्या पट्टीएवढी, २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब, एका स्क्रूवर. रॅमच्या सोळा-सोळा जीबीच्या दोन पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, म्हणजे दोन्ही वाटांनी माहिती धावते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६०मध्ये टिफ्रॅक हा संगणक चालू झाला होता, २,७०० व्हॅक्यूम ट्यूबांचा. १९६२मध्ये नेहरूंनी त्याचं नामकरण केलं. त्याची स्मृती दोन हजार अठ्ठेचाळीस शब्दांची, एकेक शब्द ४० बिटांचा, म्हणजे सगळी मिळून १० किलोबाइट. भाचीच्या बोटांत होतं ते त्याच्या तेहतीस लाख पट. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “मामा, टॉर्च नीट धर.”

दुपारी बटण दाबलं. पंखे फिरले, मॉनिटर काळा. एक मिनिट, दोन मिनिटं. बोर्डावर ‘डीरॅम’ लिहिलेल्या जागी एक दिवा लागून राहिला. मला मालडब्यातली कोळीण आठवली. मी वीज बंद करून रॅम काढायला निघालो, भाचीने हात धरला. डीडीआर५ची रॅम पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड तिची परीक्षा घेतो: कोणत्या वेगाला, किती उशिराने, कुठल्या व्होल्टेजला खुणा स्वच्छ पोचतात ते तपासत बसतो. एएम५वर याला काही मिनिटं सहज लागतात, आणि माझ्यासारखी घाई करणारी माणसं मधेच बटण बंद करून पहिल्यापासून सुरू करायला लावतात. चौथ्या मिनिटाला पडद्यावर अक्षरं उमटली.

मागची केबल मात्र मीच चुकीच्या जागी लावली होती, ग्राफिक कार्ड सोडून बोर्डाला. रायझन ७६००मध्ये स्वतःचं छोटं ग्राफिक असल्यामुळे चित्र आलं आणि कुणाला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलाने खेळ लावला, तो अडखळायला लागला, तेव्हा उलगडा झाला. दुसरी चूक महिनाभराने सापडली. ६००० वेगाची म्हणून घेतलेली रॅम ४८००वरच चालत होती. बायोसमध्ये जाऊन एक्स्पो ही सोय चालू केल्याशिवाय ती आपला वेग दाखवत नाही.

खरा त्रास विजेचा निघाला. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या आल्यासारखं व्हायचं. बारीक टोचणी, झटका म्हणण्यासारखी नाही. वायरमनला बोलावलं. आमची इमारत १९८७ची, त्या खोलीतल्या प्लगला तीन भोकं होती पण तिसऱ्यामागे वायरच नव्हती. अर्थिंग नसलं की एसएमपीएसमधल्या गाळणीची गळती कॅबिनेटच्या पत्र्यावर येते आणि जाणार कुठे? सदतीस वर्षं त्या प्लगवर इस्त्री चालली, कुणाला पत्ता नव्हता. वायर ओढून घेतली, मग ११०० व्हीएचा यूपीएस आणला. ६०० व्हीएचा डबा जेमतेम ३६० वॅट देतो आणि मॉनिटर धरून आम्ही त्याच्या फारच जवळ गेलो असतो.

विंडोज दुकानदार “डालके देता हूँ” म्हणाला होता, अर्थात चोरीचं. भाचीने उबुंटू टाकलं. मराठी टंकायची इनस्क्रिप्टची सोय त्यात आहेच, ब्लेंडर आहे, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतून ऐकायला मिळतात. ताईने रत्नागिरीत बसून ते ऐकले आणि तिच्या जुन्या लॅपटॉपवर आता उबुंटू चालतं, हे मला गणपतीत गेल्यावर कळलं.

२०२५च्या अखेरीस भाचीला उरलेल्या दोन खाचा भरायच्या होत्या. तोवर रॅमचे भाव भडकले होते. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी त्यांचा माल ओढून घेतला. डिसेंबरात मायक्रॉनने आपला क्रूशियल हा सामान्य गिऱ्हाइकांचा धंदाच बंद करत असल्याचं सांगितलं. आम्ही घेतलेल्या पट्ट्यांची किंमत दुपटीच्या वर गेली होती. तिने वही उघडली, आकड्यावर काट मारली, आणि त्या खाचा रिकाम्याच राहिल्या.

त्याआधी खंडेनवमीला बायकोने शिवणयंत्र, माझी पेटी आणि कॅबिनेट यांची पूजा केली होती. हळदकुंकू बाजूच्या पत्र्यावर, झेंडूचा हार वरून सोडलेला. दिवाळीच्या साफसफाईत भाचीने पुढची जाळी काढली, तर केसरी पाकळ्यांचा थर पुढच्या पंख्याने ओढून जाळीवर चिकटवलेला. ब्लोअर मारताना तिने पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवलं. ते मोकळं फिरू दिलं तर वाऱ्याने पाहिजे त्याहून जोरात फिरतं आणि बेअरिंग बिघडतं. पाकळ्या तिने तुळशीत टाकल्या.