युद्धकालीन नाण्यांचें मोल

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांतील नाणीं कोल्हापुरांतील जुन्या घरांतून अद्याप निघतात. तीं गुजरींत मोडीस गेलीं कीं केवळ वजनावर जातात. उलट कोणी जुनेपणाच्या जोरावर त्यांची अवास्तव किंमत सांगतो. या दोन्ही रीति सदोष आहेत.

पाणिनीनें 'रूप्य' या शब्दाचा एक अर्थ 'ठसा उमटविलेलें' असा दिला आहे. धातूचें मोल निराळें व ठशाचें निराळें, हा भेद युद्धानें स्पष्ट केला. युद्धापूर्वींचा रुपया १८० ग्रेन म्हणजे एक तोळा वजनाचा असून त्याच्या बारा भागांपैकीं अकरा भाग चांदी असे. १९४० च्या जूनमध्यें फ्रान्स पडतांच लोक रुपये सांठवूं लागले. तेव्हां सरकारनें गरजेबाहेर नाणीं जमविणें हा गुन्हा ठरविला, एक रुपयाची नोट काढिली व त्याच वर्षीं नव्या रुपयांतील चांदी निम्म्यावर आणिली. पुढें १९४१ ते १९४३ या काळांत जुन्या कसाचे रुपये क्रमाक्रमानें चलनांतून काढून घेतले. धातूच्या टंचाईमुळें १९४३ सालीं भोकाचा पैसा आला.

संग्राहक जें मोल देतो तें नाण्याच्या वयास नव्हे, तर किती नाणीं उरलीं व कोणत्या स्थितींत उरलीं यास. भोकाचे पैसे विपुल पाडले गेले, म्हणून झिजलेल्या पैशास फारसें मोल येत नाहीं. १९३९ सालचा रुपया मात्र अत्यंत दुर्मिळ आहे. म्हणूनच १९३८ च्या रुपयावरील आठाचा नऊ करून फसवणूक केली जाते. जुन्या कसाच्या रुपयाची घनता सुमारें १०.३, तर निम्म्या चांदीच्या रुपयाची सुमारें ९.५ भरते. पाण्यांत तोलल्यानें कस कळतो, परंतु १९३८ व १९३९ यांचा कस एकच असल्यामुळें तेथें ही परीक्षा लंगडी पडते. त्या ठिकाणीं सालाचे अंक भिंगाखालीं पाहणें हाच उपाय होय.

वाचकांस विनंति इतकीच कीं, नाणें चिंचेनें अथवा राखेनें घासूं नये. त्यामुळें पृष्ठभाग जातो व मोलहि उतरतें. नाणीं कोठें व कोणत्या इतर नाण्यांबरोबर सांपडलीं याचें टिपण ठेवावें. लोकांनीं कोणत्या भयानें काय दडविलें, हें त्या टिपणावरून कळतें. मुशींत गेलेल्या नाण्याची चांदी परत मिळते, पण त्याची ही साक्ष परत मिळत नाहीं.