फूर: दरबारापासून छावणीपर्यंत

सुदानच्या पश्चिमेला दारफूर, म्हणजे फूर लोकांचा मुलूख. त्याच्या मधोमध जबल मर्रा हा तीन हजार मीटरांहून उंच ज्वालामुखी डोंगर आहे. त्याच्या उतारांवर टप्प्याटप्प्यांची शेती करणाऱ्या गावांत त्यांची फूर भाषा टिकली. पण ती नुसती डोंगरकपारीतली बोली नव्हती, हे आज कुणी फारसे आठवत नाही.

सतराव्या शतकाच्या मध्याला केइरा घराण्याने इथे सल्तनत उभी केली. दरबारात फूर बोलली जाई, मात्र फर्माने आणि जमिनीच्या सनदा अरबीत लिहिल्या जात. सत्ता हाती असूनही भाषा कागदावर उतरली नाही, आणि पुढच्या कितीतरी नुकसानाचे मूळ मला इथेच दिसते. १८७४ साली गुलामांचा व्यापार करणाऱ्या झुबैरच्या फौजेने सल्तनत जिंकली. १८९८ मध्ये केइरा घराण्यातल्याच अली दीनारने ती पुन्हा उभी केली, पण १९१६ मध्ये इंग्रजांनी त्याला मारून मुलूख सुदानला जोडला. त्यानंतर फूरला राजाश्रय मिळालाच नाही.

म्हणून तिची जुनी नोंद शोधायची तर परक्यांच्या वह्या उघडाव्या लागतात. १८०३ मध्ये इथे आलेल्या मुहंमद अल-तुनिसी या तरुणाने आपल्या प्रवासवर्णनात फूर शब्द नोंदवले. इंग्रज अंमलदार बीटन यांचे व्याकरण १९६८ मध्ये खार्टूमला छापून निघाले. अँगेलिका याकोबी यांचे सविस्तर व्याकरण १९९० चे. या भाषेची घडण पाहून मन हरखते. डोळा ‘नुङि’, डोळे ‘कुङि’. दात ‘दागि’, अनेक झाले की ‘कागि’. अनेकवचन शब्दाच्या तोंडाशीच कळते. क्रियापदांची तऱ्हा याहून न्यारी: ‘पिणे’चा धातू ‘बा’, पण ‘आम्ही पितो’ म्हणताना अक्षरे जागा बदलतात आणि ‘अब’ होते.

शेजारच्या भाषा अरबी, झघावा, मसालित; पण यांपैकी कुणाशीही फूरचे जवळचे नाते नाही. १९६३ मध्ये भाषाशास्त्रज्ञ ग्रीनबर्ग यांनी तिला नायलो-सहारन कुळाची एक वेगळी शाखा ठरवले. सख्खी म्हणावी अशी एकच भाषा: सीमेपलीकडे, चाडमधल्या बिल्तिनच्या परिसरातली आमदांग. तिचे बोलणारे खूपच कमी, तर फूरचे सात-आठ लाख.

२००३ मध्ये दारफूरमध्ये सरकार आणि बंडखोर यांच्यात युद्ध पेटले. सरकारी फौजा आणि त्यांनी हाताशी धरलेल्या जंजावीद या हत्यारबंद टोळ्यांनी फूर, मसालित, झघावांची गावे जाळली. लाखो लोक न्यालाजवळच्या कालमासारख्या छावण्यांत, काही चाडमध्ये गेले. २००५ च्या संविधानाने सुदानमधल्या सर्व देशी भाषांना राष्ट्रीय भाषा मानले, तेव्हा अनेक फूर गावे ओस पडली होती. एप्रिल २०२३ पासून लष्कर आणि एक निमलष्करी दल यांच्यात नवे युद्ध सुरू आहे. जंजावीदांतूनच वाढलेल्या या दलाने दीड वर्षाच्या वेढ्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये एल फाशर, म्हणजे सल्तनतीची जुनी राजधानी, ताब्यात घेतले. तिथून जीव वाचवून निघालेल्यांतले अनेक जबल मर्राच्या पायथ्याशी तविला इथे पोहोचले. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडचे फूर आताच ध्वनिमुद्रित व्हायला हवे. ही माणसे पुन्हा कधी विखुरतील, सांगता येत नाही.