वडिलांना न पाठवलेलं पत्र

जुलै १९१४च्या अखेरीस 'मॉन्सेरात' नावाची आगबोट बार्सिलोनाहून न्यूयॉर्कला निघाली. तिच्यावर एक आई आणि तिची तीन मुलं होती. थोरली अनाइस अकरा वर्षांची. या प्रवासातच तिने वहीत लिहायला सुरुवात केली. फ्रेंचमध्ये, आणि वडिलांसाठी. वडील आदल्या वर्षीच घर सोडून गेले होते. मायलेकरं समुद्रात असतानाच युरोपात महायुद्ध पेटलं आणि मागे राहिलेलं जग आणखी दूर गेलं.

अनाइस निनचा जन्म १९०३चा, पॅरिसलगतच्या न्युयी गावातला. वडील होआकिन निन हे हवानात जन्मलेले पियानोवादक आणि संगीतकार, आई रोझा कुल्मेल गायिका, तीही क्यूबाची. नवरा गेल्यावर रोझा काही काळ बार्सिलोनाला सासू-सासऱ्यांकडे राहिली, मग मुलांना घेऊन अमेरिकेला आली. तिथे पोटापाण्यासाठी तिने घरातल्या खोल्या भाड्याने दिल्या. एका कलावंताच्या घरातली मुलं भाडेकरूंच्या वर्दळीत वाढू लागली, आणि शाळेतली भाषा त्यांना नवी होती.

जून १९१४ला संपलेल्या सरकारी वर्षात अमेरिकेत बारा लाखांहून जास्त परदेशी माणसं येऊन दाखल झाली. त्यांची नावं बोटींच्या याद्यांत सापडतात. पण वर्गात बाई काय म्हणाल्या ते न कळलेल्या मुलीला घरी येईपर्यंत काय काय वाटलं, हे कुठल्या यादीत लिहिलेलं असणार? अनाइसच्या वह्यांचं मोल मला इथे वाटतं. मोठेपणी लिहिलेल्या आठवणींत पुढचं सगळं ठाऊक असलेला माणूस बोलत असतो. इथे लिहिणारीला उद्याचं काहीच ठाऊक नाही. वडील येतील, अशी तिला खरोखरच आशा आहे.

ही वही म्हणजे मुळात एक लांबलचक पत्र होतं. परक्या देशातलं आपलं आयुष्य वडिलांनी वाचावं आणि परत यावं, एवढाच त्यामागचा हेतू. पत्र वाटेत गहाळ होईल म्हणून आईने ते पाठवू दिलं नाही, असं निन पुढे सांगत असे. कारण काहीही असो, पत्र गेलं नाही, आणि माझ्या मते तिच्यातली लेखिका तिथेच घडायला लागली. गेलेल्या पत्राला उत्तर येतं, निदान उत्तराची वाट तरी संपते. न गेलेलं पत्र लिहीतच राहावं लागतं. सुरुवातीच्या वह्यांत ती स्वतःला हरवलेल्या गोष्टींतूनच ओळखते: फ्रान्स, युद्धात सापडलेले तिथले लोक, जोन ऑफ आर्कसारखं आपणही देशासाठी काही करावं ही इच्छा. न्यूयॉर्क तिला आवडत नाही. पण वर्षं जातात तशी वडिलांना उद्देशून लिहिणं मागे पडतं आणि ती वहीशीच बोलू लागते. वही मैत्रीण होते. ज्या माणसाला खूश करायचं होतं तो नजरेआड झाल्यावर तिला स्वतःच्या रागाबद्दल, हट्टाबद्दल, दिवास्वप्नांबद्दल लिहायला मोकळीक मिळते.

इथे ॲन फ्रँकची आठवण येणं साहजिक आहे. तीही मूळची परदेशातून आलेली: जन्म फ्रँकफर्टचा, नाझींमुळे कुटुंब ॲमस्टरडॅमला गेलं तेव्हा ती अगदी लहान होती. १९४२मध्ये तेराव्या वाढदिवसाला मिळालेल्या वहीत तिने लिहिलं ते जर्मनमध्ये नाही, आसरा दिलेल्या देशाच्या डचमध्ये, आणि किटी नावाच्या कल्पित मैत्रिणीला. दोघींच्या नशिबात काहीच साम्य नाही. पण उपऱ्या मुलीला आपलं म्हणणं ऐकणारं कुणीतरी आधी निर्माण करावं लागतं, हे दोघींकडेही दिसतं.

अनाइसला भाषा बदलायला सहा वर्षं लागली. सोळाव्या वर्षी तिने शाळा सोडली होती. सार्वजनिक वाचनालयातली पुस्तकं आपण अक्षरांच्या क्रमाने वाचत गेलो, असं ती सांगत असे. १९२०मध्ये, सतराव्या वर्षी, ती डायरी इंग्रजीत लिहू लागली. फ्रेंच ही वडिलांपर्यंत पोहोचण्याची वाट होती. ती भाषा खाजगी वहीतून बाजूला ठेवणं ही मला त्या संपूर्ण बालपणातली सर्वांत धाडसी गोष्ट वाटते, न्यूयॉर्कला येण्यापेक्षाही. येण्याचा निर्णय आईचा होता, हा तिचा स्वतःचा.

म्हणून तिची वडिलांपासून सुटका झाली, असं मात्र नाही. १९३३मध्ये, तिशीत, ती त्यांना पुन्हा भेटली आणि त्या भेटींतून बाप-लेकीच्या नात्याची मर्यादा ओलांडणारे संबंध निर्माण झाले. ते उघड झालं तिच्या मृत्यूनंतर छापलेल्या डायरीतून. प्रौढपणीच्या डायऱ्या १९६६पासून प्रसिद्ध होऊ लागल्या आणि तिला मोठी कीर्ती मिळाली, पण त्यांत काटछाट बरीच होती. नवरा ह्यू गायलर तर त्या पानांमधून जवळजवळ गायबच आहे. पुढे तिच्या खरेपणावर टीका झाली, आणि ती टीका अगदीच अन्यायाची होती असं मी म्हणणार नाही.

बालपणीच्या वह्या 'लिनोत' या नावाने १९७८मध्ये, तिच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षी, इंग्रजी अनुवादात आल्या. प्रस्तावना लिहिली धाकट्या भावाने, संगीतकार होआकिन निन-कुल्मेलने. अनाइस निन वाचायची असेल तर गाजलेल्या खंडांच्या आधी हे पुस्तक घ्यावं. पुढच्या खंडांतली बाई वाचकांवर आपली छाप कशी पडेल हे जाणते. या मुलीला अजून वाचक मिळालेले नाहीत, आणि एकच वाचक हवा होता तो यायचं नाव घेत नाही. तरी ती रोज बसते आणि लिहिते.