मोरचूद, चुना आणि द्राक्षचोर

पावसाळ्यात कराडहून तासगावकडे जाताना द्राक्षबागांच्या पानांवर निळसर थर दिसतो. बागायतदाराला विचारले तर तो सांगतो, ‘बोर्डो मारलंय.’ हे बोर्डो म्हणजे फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील एक शहर. तिथली तांबडी वाइन जगप्रसिद्ध आहे. मग तिचे नाव तासगावच्या फवाऱ्याला कसे मिळाले?

१८७८ मध्ये अमेरिकेतून आलेला केवडा रोग (डाऊनी) फ्रान्समध्ये आढळला आणि पाने गळून बागा उजाड होऊ लागल्या. १८८२ च्या ऑक्टोबरात बोर्डोचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे मेदोक भागातून जात होते. रस्त्याकडेच्या वेलींची पाने तेवढी शाबूत होती. चौकशी केल्यावर कळले, की वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून मालकांनी त्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता! मिलार्दे यांनी प्रयोग करून १८८५ मध्ये हा उपाय प्रसिद्ध केला.

नुसत्या मोरचुदाच्या द्रावणाने पाने करपतात. चुना मिसळला की तांब्याची न विरघळणारी संयुगे तयार होऊन पानाला चिकटतात. ओल्या पानावर त्यांतून तांबे थोडे थोडे सुटते आणि रोगाचे बीजाणू मरतात. म्हणून हा फवारा रोग येण्यापूर्वी मारायचा. रोग पानात शिरल्यावर त्याचा फारसा उपयोग नाही.

एक टक्का मिश्रणासाठी १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि साधारण तेवढाच चुना लागतो. दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करतात. मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला, तर तांबे मोकळे आहे. आणखी चुना घालावा. विस्थापन अभिक्रिया शिकवताना याहून जवळचे उदाहरण कोणते?

आता वर्गात एक गणित घाला. मोरचुदात सुमारे २५ टक्के तांबे असते. हेक्टरी १,००० लिटर मिश्रण फवारले असे धरले, तर एका फवारणीत सुमारे अडीच किलो तांबे बागेत जाते. तांबे हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, मातीत साठत राहते आणि गांडुळांना व मातीतील इतर जिवांना अपायकारक ठरते. म्हणून युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलो, अशी मर्यादा घातली आहे. आपल्या हिशेबात दोनच फवारण्यांत ती ओलांडली जाते.

विद्यार्थ्यांना घरच्या बागेतील फवारण्या मोजायला सांगा. पीक वाचवणारे औषध मातीत किती उरते, हे त्यांचे त्यांनाच कळेल.